साठीनंतरची वही: कृतज्ञतेचा सराव कसा करावा, कुठे फसतो आणि कुठे थांबावं

"तुम्हाला काय कमी आहे? पोरं शिकली, घर झालं, दोन वेळचं मिळतंय. आनंदात राहा की!" सोलापुरातल्या बहुतेक अप्पांनी, अक्कांनी हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. ते ऐकून कुणी आनंदी झाल्याचं मात्र दिसत नाही. दुसऱ्याने बजावून सांगितलेली कृतज्ञता शेवटी गप्प बसवायच्याच कामी येते. म्हणून हा सराव, म्हणजे आपल्यासाठी कुणी काय केलं हे वहीत लिहून ठेवणं, ज्याचा त्याने, आपल्या हाताने आणि आपल्या शब्दांत करायचा असतो. त्याची रीत आहे, प्रमाण आहे आणि चुकायच्या जागाही ठरलेल्या आहेत.

साहित्य थोडंच लागतं: शंभर पानी रेघी वही, जाड उमटणारं पेन, डोळ्यांना जमणारा उजेड आणि आठवड्यातली वीस मिनिटं. मुदत सहा आठवड्यांची. गुडघेदुखी यानं जाणार नाही, पेन्शन वाढणार नाही. दिवसभर मनात काय घोळतं, त्यात मात्र फरक पडू शकतो.

वहीच्या आधी दवाखाना

'वय झालं, स्वभाव बिघडला' म्हणून जे खपवलं जातं, त्यातलं बरंच काही शरीरात असतं. आधी ते बघून घ्या.

कानापासून सुरुवात करा. ऐकू कमी आलं की माणूस चारचौघांत बसायचं टाळतो, प्रश्नाला भलतंच उत्तर देतो, लोक हसले की चिडतो. महिन्याभरात घरात शिक्का बसतो की हे आता एकलकोंडे झाले. कधी कधी कानात नुसता मळ साचलेला असतो. तो कानाच्या डॉक्टरकडून काढून घ्यावा, काडी किंवा पिन घालू नये. मोतीबिंदूचंही तसंच: पेपर वाचता येत नाही, समोरून येणारा माणूस ओळखू येत नाही, मग बाहेर पडणंच थांबतं.

रक्ताच्या दोन तपासण्या डॉक्टरांना विचारून कराव्यात, बी-१२ आणि थायरॉईड. शाकाहारी माणसं, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे आणि पित्ताच्या गोळ्या रोज घेणारे यांच्यात बी-१२ कमी पडण्याची शक्यता जास्त असते. त्यातून हातापायाला मुंग्या, थकवा, विसराळूपणा आणि उदासी येते. थायरॉईड मंदावलं तरी माणूस असाच सुस्त आणि खिन्न होतो. अशा वेळी वही लिहून काय होणार?

डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, शेजाऱ्याने सुचवलेल्या आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्याही. झोपेच्या गोळीवर विशेष लक्ष ठेवा. तिच्या गुंगीत रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. झोपेसाठी आधी साधे उपाय करून बघा: चारनंतर चहा नाही, दुपारची झोप अर्ध्या तासावर नाही, सकाळी थोडं ऊन अंगावर.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि म्हातारपणी तहान कमी जाणवते. पाणी कमी पडलं की डोकं जड होतं, चक्कर येते, चिडचिड होते, आणि घरात सगळ्यांना वाटतं की आज यांचा मूड नाही. तहानेची वाट न पाहता थोडं थोडं पीत राहा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर दिवसाला किती पाणी चालेल हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

वही कशी लिहायची

रोज लिहायचं की आठवड्याला? बहुतेकांना वाटतं रोजच, जपासारखं. पण मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना तसा दिसला नाही. कारण उघड आहे. रोज लिहायचं म्हटलं की चौथ्या दिवशी 'वरीलप्रमाणे' सुरू होतं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांच्या 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही एका गटाने आठवड्याला एकदा, अशी दहा आठवडे नोंद केली होती. त्याच अभ्यासात स्नायूंच्या आजाराच्या रुग्णांनी 21 दिवस रोज लिहिलं आणि त्यांची झोप सुधारली. म्हणजे रोज लिहून नुकसान होतं असं नाही. फक्त टिकायचं तर आठवड्याचा एक वार धरणं सोपं जातं.

वार ठरवा. शनिवारी संध्याकाळ किंवा रविवारी सकाळी पेपर वाचून झाल्यावर. जागा ठरलेली ठेवा. टीव्ही बंद. उजव्या पानावर तारीख घालून तीन नोंदी करायच्या, जास्तीत जास्त पाच. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी हव्यात: कुणी केलं, नेमकं काय केलं आणि त्यासाठी त्या माणसाला काय सोसावं लागलं.

पहिल्या आठवड्यात बहुतेकांच्या वहीत असं उतरतं: "तब्येत बरी आहे. पोरं चांगली आहेत. सिद्धेश्वराची कृपा." वाक्यं खोटी नाहीत, पण मन त्यांवरून घसरत पुढे जातं. आता हे बघा:

"मंगळवारी नळाला पाणी रात्री अडीचला आलं. सूनबाई उठली. मोटर लावली, दोन्ही पिंपं भरली, मागचं बॅरल भरलं, वरून झाकण लावलं. मला उठवलं नाही. पहाटे साडेपाचला डब्यासाठी पुन्हा उठली."

पाण्याच्या पाळीचं गाव असल्यामुळे हे दृश्य इथल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. नोंदीत 'आभार' हा शब्दही नाही. तरी ती लिहिल्यावर बुधवारी सकाळी चहा जरा उशिरा आला म्हणून कपाळाला आठी पडणं अवघड जातं. तपशील हवा तो एवढ्यासाठी.

तिन्ही नोंदी घरच्यांवर संपवू नका. किमान एक बाहेरच्या माणसाची असू द्या: रिक्षातून उतरताना हात देणारा, बँकेत फॉर्म भरून देणारी मुलगी, भाकरी थोडी मऊ राहू द्या म्हटल्यावर वेगळी करून देणारी खानावळवाली. घरचेच लिहीत राहिलं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला वही मुला-सुनेचं प्रगतिपुस्तक होते, आणि ती कुणाच्या हाती लागली तर भांडण. वही खासगी ठेवा. आणि 'त्यांच्यापेक्षा आपलं बरं' ही नोंद वहीत नको. शेजारच्याला अर्धांगवायू झाला म्हणून आपल्याला बरं वाटणं हे समाधान टिकत नाही. उद्या आपल्यावरही वेळ येईल ही भीतीच मागे उरते.

चौथ्या आठवड्यात नोंदी शिळ्या वाटू लागतात. तेव्हा एकदा उलटं लिहा. आयुष्यातला एक माणूस किंवा एक प्रसंग निवडा. तो कसा जुळून आला ते चार ओळींत लिहा. मग तो कोणत्या कारणांनी घडलाच नसता, ती कारणं लिहा. गिरणीत त्या दिवशी बदली कामगार म्हणून उभं राहिलो नसतो तर? विडीचं सूप घेऊन त्याच ओट्यावर बसायला लागले नसते तर? घर दुसऱ्या पेठेत मिळालं असतं तर? शेवटी लिहा की मग आज काय काय नसतं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या मिनकियुंग कू आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, चांगली गोष्ट कशी घडली हे लिहिणाऱ्यांपेक्षा ती घडली नसती तर काय हे लिहिणाऱ्यांना जास्त बरं वाटलं होतं. मात्र नुकतंच गेलेलं माणूस यासाठी घेऊ नका. वर्ष उलटायच्या आत जखम खरवडल्यासारखं होतं.

डावं पान तक्रारीचं

या सरावाच्या पुस्तकी रूपात तक्रारीला जागा नसते. आमच्या मते तिथेच तो फसतो. म्हणून डावं पान तक्रारीसाठी मोकळं ठेवा आणि बसल्यावर आधी तेच भरा. मर्यादा पाच ओळींची. लिहून झाल्यावर प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा: 'करण्यासारखं' किंवा 'सोसण्यासारखं'.

करण्यासारखं असेल तर त्याचं काम बनवा: कुणाला भेटायचं, कोणत्या वारी, सोबत काय न्यायचं. उदाहरणार्थ, हयातीचा दाखला द्यायचा राहिला आणि पेन्शन थांबली. ईपीएस-95 च्या (पीएफ कार्यालयाकडून मिळणाऱ्या पेन्शनच्या) पेन्शनरांना हयातीचा दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून तो वर्षभर चालतो. सरकारी पेन्शनरांनी तो नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो. ऐंशी पार केलेल्यांना 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. बोटांचे ठसे झिजल्यामुळे यंत्र घेत नसेल तर मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला काढता येतो. वर्षानुवर्षं विड्या वळलेल्या किंवा मागावर काम केलेल्या हातांना ही सोय उपयोगी पडू शकते.

ईपीएस-95 ची किमान पेन्शन 2014 पासून महिना 1000 रुपयांवर आहे. ज्याची हयात गिरणीत गेली, त्याला हे कमी वाटत असेल तर ती तक्रार रास्त आहे. कृतज्ञ राहा म्हणून त्याला मोर्चाला जाऊ नको म्हणणं हा अन्याय. सकाळी मोर्चाला जावं, संध्याकाळी वहीत लिहावं की उन्हात कुणी पाण्याची बाटली पुढे केली. दोन्ही एकाच दिवसात मावतं.

सोसण्यासारख्या ओळीला तोडगा शोधत बसू नका. ती लिहिली, वाचली, पान उलटलं.

एकदा भेटायला जा

ज्याचे आभार मानायचे राहून गेले त्याला जाऊन भेटणं: सगळ्यात दाट परिणाम याचा होतो आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही याचीच. मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा भेटीनंतर लोकांचा आनंद बराच वाढला. तो फरक महिनाभर टिकला, पुढे ओसरला. रोज तीन चांगल्या गोष्टी आणि त्यांची कारणं आठवडाभर लिहिणाऱ्यांचा फरक मात्र सहा महिन्यांनंतरही दिसत होता. म्हणून वही चालू ठेवायची आणि भेट वर्षातून दोन-तीनदा घडवायची.

माणूस असा निवडा ज्याने तुमच्यासाठी काही केलं आणि तुम्ही त्याला ते कधीच नीट सांगितलं नाही. सख्खे नातेवाईक नकोत, तिथे जुने हिशेब मध्ये येतात. शाळेतले गुरुजी, पहिल्या पाळीचा जोडीदार, बाळंतपणात रात्रभर बसलेली शेजारीण. दीड-दोन पानांचं पत्र लिहा. त्यात तीन भाग: तुम्ही काय केलंत, तेव्हा माझी काय अवस्था होती, त्यामुळे पुढे काय झालं. स्तुती नको, घडलेलं लिहा. "तुम्ही देवमाणूस" असं लिहिलं की ऐकणारा अवघडतो. "गिरणीला टाळं लागलं तेव्हा तुम्ही दोन महिने घरी ज्वारी पाठवलीत, आणि कधी विषय काढला नाहीत" हे ऐकलं की तो माणूस तुमच्यासोबत त्या घरात जाऊन बसतो.

फोन करून जा, पण कारण सांगू नका. 'सहज येतोय' पुरे. सकाळची वेळ धरा, म्हाताऱ्या माणसाचं मन आणि कान दोन्ही सकाळी बरे असतात. पत्र समोर बसून, सावकाश, मोठ्याने वाचा आणि वाचून त्यांच्याकडेच ठेवा. एक गैरसमज नक्की होऊ शकतो: इतक्या वर्षांनी आलाय म्हणजे पैसे मागायला किंवा लग्नाची पत्रिका द्यायला. म्हणून बसता बसताच सांगून टाका, "काही काम नाही, एक वाचून दाखवायचंय." समोरचा रडला तर घाईने विषय बदलू नका. विषय उडवून लावला तर मनाला लावून घेऊ नका. आपल्याकडच्या पुरुषांना कौतुक अंगावर घेता येत नाही.

इथे मुहूर्त आपल्या हाताशीच आहे. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे यात्रा, भरतो, अक्षता सोहळ्याला बाहेर गेलेली माणसं गावात येतात आणि तिळगूळ घेऊन कुणाच्याही दारात जाता येतं. परगावी जायचं असेल तर एसटी आहे: राज्याच्या हद्दीत 75 पूर्ण झालेल्यांना तिकीट नाही, 65 ते 75 वाल्यांना अर्धं. वयाचा पुरावा जवळ ठेवा. प्रवास झेपत नसेल तर व्हिडिओ कॉल चालेल, पण पत्र पोस्टानेही पाठवा. कॉल संपला की संपला. पत्र उशीखाली राहतं.

लिहिता येत नसेल तर

सोलापुरात हा प्रश्न मोठा आहे. विडी कामगार बायकांपैकी कित्येकींना शाळा मिळाली नाही. बऱ्याच घरांत बोली तेलुगू किंवा कन्नड, आणि अक्षर येतं ते मराठीत. सराव ज्या भाषेत माणूस रागावतो त्याच भाषेत करावा. नातवंडाने आठवड्यातून एकदा वही घेऊन बसावं, आज्जी सांगेल तसं मराठी अक्षरात उतरवावं, शब्द तिचेच ठेवावेत. शुद्धलेखन सुधारायचं नाही. "म्हणजे तुला असं म्हणायचंय का" असं विचारून वाक्य गुळगुळीत करायचं नाही.

नातवंड हाताशी नसेल तर मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, तारीख आधी बोलायची. तेही नको असेल तर दोन मैत्रिणींची जोडी लावा. रोज संध्याकाळी ओट्यावर बसतातच. तिथे पाच मिनिटं एकीने सांगायचं, दुसरीने मध्ये न बोलता ऐकायचं. मध्ये न बोलणं हेच अवघड. ऐकणारीने "माझं तर याहून..." म्हटलं की त्या दिवसाचा सराव संपला असं समजा.

दिवसाची घडी

वही वीस मिनिटांची, उरलेला दिवस मोठा असतो. जागतिक आरोग्य संघटना वयस्कांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम चाल आणि 65 नंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. मार्च ते जूनमध्ये सातच्या आत फिरून परत या. हुतात्मा बाग असो की सिद्धेश्वर तलावाचा काठ, जागेपेक्षा सोबत महत्त्वाची. गटात जाणारा माणूस आळस आला तरी जातो, कारण कुणीतरी "आज का नाही" विचारणार असतं. घरात खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, दिवसातून दोनदा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पाय भक्कम राहिले तर बाहेर पडायची भीती कमी होते, आणि बाहेर पडलं की वहीत लिहायला काहीतरी मिळतं.

गोतावळा कमी झाला म्हणून फार वाईट वाटून घेऊ नका. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या संशोधनानुसार वय वाढतं तशी माणसं ओळखीपाळखीची संख्या आपणहून कमी करतात आणि जवळच्या थोड्यांना धरून राहतात. आणि वयस्कांच्या रोजच्या भावना तरुणांपेक्षा स्थिर असतात. काळजी तेव्हा करावी, जेव्हा मोकळेपणाने बोलता येईल असं एकही माणूस उरत नाही. पाच नावं लिहा, प्रत्येकाला फोनचा वार नेमून द्या. यादीत किमान दोघं तुमच्याहून वयाने लहान असू द्या, नाहीतर दर एक-दोन वर्षांनी यादी आपोआप आखडत जाते.

स्वतःविषयी काय बोलतो त्यावरही लक्ष ठेवा. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका गावी पन्नाशीपुढच्या 660 जणांचा माग ठेवलेला होता. बेक्का लेव्ही यांनी 2002 साली त्यावरून दाखवलं की स्वतःच्या म्हातारपणाकडे बऱ्या नजरेने पाहणारी माणसं सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली. नजर बदलली म्हणूनच ती जगली असं यावरून ठाम म्हणता येत नाही. पण "आता आमचं काय राहिलंय" हे पालुपद सोडायला तेवढा आधार पुरेसा आहे. त्याऐवजी नेमकं बोला: "गुडघा दुखतो, दोन जिने चढवत नाहीत." पहिल्या वाक्यावर कुणी काही करू शकत नाही. दुसऱ्यावर खालच्या खोलीत बिछाना हलवता येतो.

घरच्यांनी काय करावं

म्हाताऱ्या माणसाकडून कृतज्ञता मागू नका. त्यांचे आभार मानायची वेळ तुमच्यावर येईल अशी कामं त्यांच्याकडे ठेवा. खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटायची तर तिखट-मीठ किती, लसूण कधी घालायचा आणि तेल सुटेपर्यंत किती कुटायचं हे आज्जीने ठरवू द्या. ती कुटणार नाही, पण चव तिची घ्या. अप्पांकडे लाईट बिलाची तारीख, गॅसचा नंबर, नातवाची उजळणी द्या. काम खरं हवं. बसवून ठेवण्यासाठी दिलेलं खोटं काम त्यांना लगेच कळतं.

कडक भाकरी दातांना चावत नाही म्हणून ताटातून काढून मऊ भात वाढला जातो, न विचारता. त्यापेक्षा भाकरीचे तुकडे करून गरम आमटीत पाच मिनिटं मुरू द्या. चव तीच राहते, आणि 'आपल्यासाठी वेगळं' ही बोच राहत नाही.

कुठे थांबावं

उदासी आणि कशातही रस नसणं सलग दोन आठवडे रोज राहिलं, जेवण तुटलं, वजन उतरलं, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागेना, तर वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. वृद्धांच्या नैराश्यात रडू कमी आणि अंगदुखी, अपचन, चिडचिड जास्त दिसू शकते, त्यामुळे ते ओळखायला उशीर होतो. "देवा, आता उचल" हे आपल्याकडे बोलीतलंच वाक्य आहे. पण ते वरचेवर यायला लागलं, सोबत दागिने वाटणं, गोळ्या साठवणं असं काही दिसलं, तर थट्टेवारी नेऊ नका. थेट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि गोळ्या, औषधं हाताला लागतील अशी ठेवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. घरात छळ, उपेक्षा किंवा मालमत्तेचा तगादा असेल तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाईन 14567.

तसं घर असेल तर तिथे कृतज्ञतेचा सराव सांगूच नये, आधी सुरक्षितता. नातेवाईक जाऊन पहिले काही महिने झालेल्या माणसालाही वही देऊ नका, सोबत द्या.

तपासणीला जाताना वही बरोबर न्या. डाव्या पानांवरच्या तारखा बघून झोप कधीपासून गेली, जेवण कधीपासून तुटलं हे डॉक्टरांना अंदाजाने सांगावं लागत नाही.